बँकॉकमध्ये मैत्रीण आहे? मग शहर असं बघा

माझी एक थाई मैत्रीण बँकॉकला राहते. ती पुण्यात एम.ए. करायला आली होती. दोन वर्षं आम्ही एकाच वसतिगृहात होतो आणि 'चल, उशीर झाला' एवढं मराठी तिला अजून स्वच्छ येतं. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा मी अठरा ठिकाणांची यादी घेऊन गेले होते. तिनं ती वाचली, हसली आणि 'होईल सगळं' म्हणाली. पाच दिवस ती माझ्याबरोबर उन्हातान्हात हिंडली, एकदाही नाही म्हणाली नाही. सहाव्या दिवशी तिच्या आईच्या बोलण्यातून कळलं, की वर्षाची उरलेली सगळी रजा तिनं त्या आठवड्यात संपवली होती आणि त्यातले दोन दिवस अंगात ताप होता.

थाई भाषेत याला 'क्रेंग जाय' म्हणतात. समोरच्याला अडचण नको, त्याचं मन मोडायला नको, म्हणून स्वतःची गैरसोय गिळून टाकायची. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: भीड. तुमची थाई मैत्रीण किंवा मित्र भिडेपोटी तुम्हाला नाही म्हणणार नाही. त्यामुळे तिचं 'नाही' ओळखायची, किंबहुना ते बोलायची वेळच तिच्यावर येऊ न देण्याची जबाबदारी पाहुण्याची, म्हणजे आपली. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी यावरच बेतल्या आहेत. त्यानंतर मी तीनदा बँकॉकला गेले आणि दर वेळी यादी आखूड होत गेली.

पायरी १: तिकीट काढण्याआधी तारखा विचारा, पण नीट विचारा

'तुला कधी जमेल?' असं विचारलंत तर 'कधीही ये' हेच उत्तर येईल. त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी दोन पर्याय द्या आणि त्यातला नको असलेला निवडायला सांगा. 'मी नोव्हेंबरचा तिसरा आठवडा किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा बघते आहे, यातला कुठला तुला अडचणीचा आहे?' असं विचारलं की मोकळं उत्तर येतं, कारण त्यात नाही म्हणावं लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यांत बरी असते. मार्चपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिक आणि वर ऊन. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, आणि शेवटचे दोन महिने तो जास्त जोरात असतो. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतो, म्हणजे आपला 'संक्रांत' हाच शब्द. पाणी उडवण्याचा हा सण बघायला जगभरातून लोक येतात, पण बँकॉकमध्ये नोकरी करणारे कितीतरी जण तेव्हा आपापल्या गावी गेलेले असतात. मैत्रीण दुसऱ्या प्रांतातली असेल तर त्या दिवसांत ती शहरात नसेल, आणि तुमच्यासाठी ती थांबली तर तो तिचा दिवाळीला घरी न जाण्यासारखा त्याग होईल. त्यापेक्षा लॉय क्राथोंग गाठा. तो आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास येतो. केळीच्या सोपाचे आणि पानांचे छोटे द्रोण करून, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती ठेवून ते पाण्यात सोडतात. त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडणाऱ्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

किती वेळ मागायचा याचा माझा हिशेब सांगते: पाच दिवसांच्या मुक्कामात तिचा एक पूर्ण दिवस आणि दोन संध्याकाळी. बाकीचे दिवस आपले आपण. हे आधीच स्पष्ट सांगून टाका: 'शनिवार तुझ्याबरोबर. इतर दिवशी मी माझी फिरेन, मला एकटीनं फिरायला आवडतं.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसेल तर तुम्ही एकट्या आहात या विचारानं ती ऑफिसातून अस्वस्थ होऊन फोन करत राहील.

फोनमध्ये लाइन हे ॲप घ्या. थायलंडमध्ये व्हॉट्सॲपची जागा लाइननं घेतलेली आहे. दुकानदारापासून आजीपर्यंत सगळे त्यावर असतात. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर बघा. १ मे २०२५ पासून विमानात भरायच्या कागदी कार्डाऐवजी डिजिटल आगमन कार्ड आलं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती चुकीची समजा.

मुक्काम तिच्या घरी करू नका, तिनं आग्रह केला तरी. बँकॉकमधले फ्लॅट छोटे असतात आणि कामाच्या दिवसांत पाहुणा म्हणजे तिची झोप गेली. ती ज्या रेल्वेमार्गावर राहते त्याच मार्गावर दोन-तीन स्टेशनं सोडून खोली घ्या. दोघींनाही भेटायला सोपं आणि दोघींनाही निघून जायला सोपं.

पायरी २: काय न्यायचं

माझ्या मैत्रिणीला पुण्याची आठवण म्हणजे हापूस. पण ताजी फळं परदेशी न्यायच्या फंदात पडू नका, विमानतळावर अडचण होते. बंद पाकिटातली आंबापोळी आणि लोणावळ्याची चिक्की न्यायची. चिक्की तिच्या ऑफिसात दहा मिनिटांत संपते. तिच्या आईसाठी पैठणीच्या काठाची लहान पर्स नेली होती, ती त्या अजून देवळात जाताना वापरतात. भेट दिल्यावर तिनं ती तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. बरेच थाई लोक भेट बाजूला ठेवतात आणि मागाहून उघडतात.

आणखी एक गोष्ट घरूनच शोधून न्या: तुमचा जन्म कोणत्या वारी झाला. हे कशासाठी ते पुढे येईल.

पायरी ३: हाक कशी मारायची

थाई माणसाला पुस्तकी नाव असतं आणि एक छोटं टोपणनाव असतं. घरी, ऑफिसात, सगळीकडे टोपणनावच चालतं. आडनावं तर १९१३ च्या कायद्यानं आली, त्यामुळे आडनावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. पण नुसतं नाव घेऊनही भागत नाही. वयानं मोठी असेल तर 'फी', लहान असेल तर 'नॉंग'. 'फी' ताईलाही चालतं आणि दादालाही. भाजीवाल्या बाईंना 'पा' म्हणजे मावशी, वयस्क टॅक्सीवाल्याला 'लुंग' म्हणजे काका. मंडईत 'मावशी, कोथिंबीर कशी दिली?' असं विचारत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे एका दिवसात जमतं. नात्यानं हाक मारली की समोरचा चेहरा लगेच सैल होतो, हे मी दर वेळी बघितलं आहे. माझी मैत्रीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ती माझी फी. इथून पुढे मीही तिला फीच म्हणते.

नमस्काराला 'वाय' म्हणतात. हात जोडून बोटं हनुवटीच्या जवळ, मान थोडी झुकलेली. धाकट्यानं आधी करायचा, मोठ्यानं उत्तर द्यायचं. तिच्या आईवडिलांना तुम्ही आधी करा, हात थोडे वर न्या. दुकानातल्या पोऱ्यानं केला तर हसून मान हलवली तरी पुरे. बोलताना बायकांनी वाक्याच्या शेवटी 'खा' आणि पुरुषांनी 'ख्रप' लावायचं. आपलं 'हो' आणि 'होय हो' यांत जो फरक, तो या एका अक्षरानं पडतो. 'सवात दी खा' म्हणजे नमस्कार. त्यातला 'सवात दी' आपल्या 'स्वस्ति'पासून आला. 'खॉप खुन खा' म्हणजे धन्यवाद.

आणि एक वाक्य कानावर येईल: 'किन खाव रु यांग?' शब्दशः अर्थ 'भात खाल्लास का?' हे खरं विचारणं नसतं, ही ख्यालीखुशाली आहे. गावाकडे कुणाच्या दारावरून गेलं की 'जेवलात का?' विचारतात, तसंच.

पायरी ४: पहिला दिवस मोकळा ठेवा

सुवर्णभूमी विमानतळ २००६ मध्ये सुरू झाला. तिथून फाया थाय स्टेशनपर्यंत रेल्वे अर्ध्या तासाच्या आत नेते आणि जास्तीत जास्त भाडं ४५ बाट. वाटेत मक्कासान स्टेशनला भुयारी रेल्वे मिळते, फाया थायला वरून धावणारी बीटीएस. फीला विमानतळावर बोलावू नका. ती येते म्हणेलच. 'रेल्वेनं यायची मला हौस आहे' म्हणा आणि आपल्या पायांनी पोचा. घड्याळ दीड तास पुढे करा.

पहिली भेट संध्याकाळी, तिच्या घराजवळ, जेवायला. काही बघायचं नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी भाजलेल्या केळ्यांची गाडी, कपडे शिवणाऱ्या बाईंचं यंत्र, नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले, दहा-बारा खुर्च्यांचं नूडल्सचं दुकान, हे सगळं त्या एका तासात नजरेखालून जातं. बँकॉकची घडण त्या गल्लीत कळते. गल्लीला 'सोय' म्हणतात. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला विषम आकड्यांच्या सोय, दुसऱ्या बाजूला सम आकड्यांच्या. त्यामुळे सोय ३१ च्या समोर सोय ३२ असेलच असं नाही, ती कधीकधी बरीच पुढे निघते. पत्ता शोधताना हे लक्षात ठेवा.

पायरी ५: मोठी प्रसिद्ध ठिकाणं एकटीनं उरका

राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाचं मंदिर फीला दाखवायला लावू नका. तिनं ते शाळेच्या सहलीपासून प्रत्येक पाहुण्याबरोबर बघितलं आहे. सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हाच जा. दहानंतर गर्दीचे लोंढे येतात. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट, थाई नागरिकांना फुकट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही अर्धी चड्डी चालत नाही. रस्त्यात कुणी छान इंग्रजीत 'आज राजवाडा बंद आहे, चला तुम्हाला दुसरं देऊळ दाखवतो' म्हणाला तर न थांबता पुढे चला. तो तुम्हाला टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या दुकानात नेणार.

आतल्या ओवऱ्यांवर संपूर्ण रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. त्यासाठी एक तास राखून ठेवा, आपल्यासाठी या जागेतला खरा ठेवा तो आहे. रावण तिथे थोत्सकान, म्हणजे दशकंठ. हनुमान पांढरा, आणि ब्रह्मचारी अजिबात नाही. मत्स्यकन्येशी त्याचं प्रेम जमतं. मारुतीच्या देवळात शनिवारी तेल वाहणाऱ्या घरातून आलेल्या मला हे पचायला वेळ लागला. पण संध्याकाळी त्यावरून फीबरोबर इतक्या गप्पा झाल्या की जेवण थंड झालं. मैत्रिणीबरोबर बघण्यापेक्षा बघून आल्यावर तिच्याशी बोलावं, अशी ही जागा आहे.

तिथून चालत वाट फो या मंदिरात जा. थाईत 'वाट' म्हणजे देऊळ. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब. पायांच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत. मग घरी जाऊन झोप काढा.

पायरी ६: तिच्याबरोबरचा एक दिवस, नदीच्या पलीकडे

अयोध्या, म्हणजे आयुत्थया ही थायलंडची जुनी राजधानी, १७६७ मध्ये पडली. त्यानंतर राजधानी आधी नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला होती, आणि १७८२ मध्ये 'पहिला राम' म्हणवणाऱ्या राजानं ती पूर्वेला आणली. पर्यटक पूर्वेला राहतात. जुनी वस्ती, कालवे, तीन-चार धर्मांची शेजारी शेजारी असलेली देवळं पश्चिमेला आहेत, आणि तिथे सोबत भाषा येणारं माणूस असलं तर फार फरक पडतो. फीचा दिवस मागायचा तर यासाठी मागा.

सकाळी लवकर, साडेसहाच्या सुमारास, पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात भेटा. भुयारी रेल्वेचं सनाम चाय स्टेशन जवळ आहे. बाजार रात्रभर चालतो आणि पहाटे भरात असतो. झेंडूच्या गोण्या, मोगऱ्याचे ढीग, कमळाच्या कळ्या, विड्याच्या पानांची चळत: दादरच्या फुलबाजारातली माणसं इथे आणून ठेवली तर त्यांना पाच मिनिटांत काम सुरू करता येईल. मोगऱ्याच्या छोट्या माळेला 'फुआंग मालाय' म्हणतात. एक घ्या, मनगटावर अडकवा. देवाला वाहायच्या फुलांचा वास घ्यायचा नाही, हे फीनं मला सांगायच्या आधी मीच तिला सांगितलं. दोघींच्या आज्यांनी एकच दटावणी दिलेली निघाली.

बाजाराजवळच्या धक्क्यावरून छोटी नाव पलीकडे नेते, काही बाटांत. उतरलं की समोर मोठं देऊळ. नाव वाट कलयानमित. कल्याणमित्र. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांना आणि इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना हा शब्द नवीन नाही: धम्माच्या वाटेवर सोबत करणारा, हिताचं सांगणारा मित्र. १८२५ मध्ये तिसऱ्या रामाच्या काळात एका सरदारानं आपल्या घराची जागा देऊन हे देऊळ उभारलं. आत बसलेला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे, दारात उभं राहिलं की आधी नुसते गुडघेच दिसतात. चिनी वंशाच्या लोकांची इथे विशेष श्रद्धा, त्यामुळे लाल मेणबत्त्या आणि उदबत्त्यांचा धूर भरपूर. मैत्रिणीबरोबरचा दिवस या नावाच्या देवळापासून सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं.

इथे फी 'थाम बुन' करते. बुन म्हणजे पुण्य. तिच्या शेजारी बसा, पाय मागे दुमडून, तळवे बुद्धाकडे होऊ न देता. ती काय करते ते बघा, पटलं तर तसंच करा. बऱ्याच देवळांत आठ लहान बुद्धमूर्ती ओळीनं असतात, एकेका वाराची एकेक. बुधवारचे दिवस आणि रात्र असे दोन भाग, म्हणून आठ. मंगळवारचा बुद्ध निजलेला, गुरुवारचा ध्यानस्थ, शनिवारच्या डोक्यावर नागाचा फणा. आपल्या जन्मवारापुढे नाणं टाकायचं. वारांना रंगही असतात: सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार केशरी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. मी शनिवारची, हे घरी फोन करून आईला विचारावं लागलं होतं, म्हणून तुम्हाला आधीच सांगितलं.

देवळातून नदीकाठच्या पायवाटेनं आग्नेयेला चाला. कियान उन केंग हे क्वान इम देवीचं जुनं चिनी देऊळ लागतं. आत फोटो काढायच्या आधी फीकडे बघा, तिनं मान हलवली नाही तर फोन पिशवीत. मग गल्ल्या अरुंद होतात, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा दिसू लागतात, आणि सांता क्रुझ चर्चचा घुमट येतो.

ही कुदी चीन वस्ती. आयुत्थया पडल्यावर ताकसिन राजाच्या बाजूनं लढलेल्या पोर्तुगीज वंशाच्या लोकांना त्यानं ही जमीन दिली. आजची चर्चची इमारत १९१६ ची. या गोष्टीचं दुसरं टोक गोव्यात आहे: १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो दे आल्बुकेर्कनंच १५११ मध्ये मलाक्का घेताना आयुत्थयेच्या दरबारी दूत पाठवला होता. वस्तीत काही घरं पिढ्यानपिढ्या 'खनोम फारांग' भाजतात. फारांग म्हणजे गोरा परदेशी, आपला 'फिरंगी' त्याच कुळातला. बदकाची अंडी, साखर आणि पीठ फेटून केलेला हा छोटा केक, वर मनुके आणि पाकवलेला कोहळा. वरून खरपूस, आतून सुका, चहाबरोबर उत्तम. पावाला थाईत 'खनोम पांग' म्हणतात, आणि तो 'पांग' बहुधा पोर्तुगीजांच्या त्याच शब्दातून आला, ज्यातून आपला 'पाव' आला. वस्तीत एका घराचं छोटं संग्रहालय केलं आहे, तिथे बसून थंड पेय घ्या. फीला इथे भाषांतर करायला लावा, पण थोडंच. दुकानातल्या आजी बोलायला लागल्या तर त्यांना बोलू द्या, फी नंतर सारांश सांगेल. वाक्यावाक्याला 'काय म्हणाल्या?' विचारलं की दोघींचा सूर तुटतो.

हा लोकांच्या राहत्या घरांचा भाग आहे. आवाज खाली, दारातून आत कॅमेरा नाही, दुपारी एकनंतर विशेष जपून.

शेवट वाट प्रयून. पांढरा शुभ्र, घंटेच्या आकाराचा स्तूप आणि बाजूला कृत्रिम डोंगराचं तळं, त्यात कासवं. लोक त्यांना फळांचे तुकडे घालतात. तिथून पुलांच्या मधोमध २०२० मध्ये झालेल्या २८० मीटर लांबीच्या उन्नत बागेवरून चालत नदी ओलांडून परत फुलबाजाराच्या बाजूला या. सकाळी साडेसहाला निघालात तर हे सगळं निवांत करून दीडपर्यंत होतं. इथे दिवस संपवा. दुपारी आणखी काही जोडायचा मोह होईल, जोडू नका. फीला घरी जाऊन पाय वर करून पडू द्या.

पायरी ७: जेवण, आणि बिल कोण देणार

शाकाहारी असाल तर दोन शब्द वेगळे शिका. 'मांगसविरत' म्हणजे आपलं मांसविरती: मांस नाही, पण अंडं-दूध चालतं. 'जे' म्हणजे त्याहून कडक: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, वर कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाट्यांवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना 'जे' चटकन कळेल. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, तेव्हा याओवारात या चायनाटाउनच्या रस्त्यावर पिवळी निशाणंच निशाणं.

खरी अडचण मांसाची नसते. नाम प्ला म्हणजे माशाचा पातळ सॉस आणि कापी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, या दोन गोष्टी भाजीच्या पदार्थातही असतात. 'माइ साय नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस घालू नका. मात्र हे प्रत्येक गाडीवर फीच्या तोंडून वदवून घेऊ नका. तिच्यासाठी ते दुकानदाराला अडचणीत टाकणं असतं. आधीच सांगा, 'मी काय खात नाही ते हे, जागा तू निवड.' मग ती शांतपणे योग्य दुकान शोधते.

भात चमच्यानं खातात, चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात आणि तो फक्त ढकलायला. चॉपस्टिक नूडल्ससाठी. टेबलावर साखर, तिखट, मिरच्यांचं व्हिनेगर आणि नाम प्ला अशा चार वाट्या असतात. चव घेतल्यावर हवं ते घाला, साखरेसकट. पदार्थ मधोमध येतात, एका वेळी एक-दोन चमचेच आपल्या ताटात घ्यायचे. एप्रिल-मेमध्ये गेलात तर नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर आंबा खा. हापूसशी तुलना मनातच ठेवा.

बिलाचं: वयानं मोठा किंवा ज्यानं बोलावलं तो देतो, अशी रीत आहे. त्यामुळे फी देणारच. टेबलाशी ओढाताण करू नका, 'मी देते, मी देते' हा आपला प्रकार तिथे तिला अवघडवतो. पहिलं जेवण तिला देऊ द्या, हात जोडून खॉप खुन म्हणा. पुढच्या वेळी जागा तुम्ही ठरवा, बोलावणं तुमचं, आणि हात धुवायला उठल्यासारखं करून आधीच पैसे देऊन या. नाव, रेल्वे, कॉफी, खाऊ हे दिवसभराचे छोटे खर्च मुकाट्यानं आपण करायचे. खिशात २० आणि १०० च्या नोटा ठेवा. तिचा फोन क्यूआर स्कॅन करेल, पण तुमचं भारतीय ॲप गाडीवर चालेल असं धरून चालू नका.

पायरी ८: शहरात हिंडणं

यावर थोडक्यात. रस्त्यावरची कोंडी भयंकर, शुक्रवारी संध्याकाळी आणि पावसात तर विचारू नका, म्हणून रेल्वे आणि पाणी. बीटीएस ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली, भुयारी एमआरटी २००४ ला. दोन्हींची तिकिटं वेगळी. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट सगळ्यांत सोयीची. टॅक्सीचं मीटर ३५ बाटपासून, मीटर लावायला नकार दिला तर दुसरी.

साएन साएप कालव्याची बोट मात्र एकदा फीबरोबर घ्या. ती ऑफिसला जाणाऱ्यांची बोट आहे, धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते. तिकीट काढणारा कडेच्या पट्टीवरून चालत येतो. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पडदा असतो, त्याची दोरी काठच्या प्रवाशानं ओढायची. पहिल्या खेपेला मी काठाशी बसले, तेव्हा समोरून बोट येताना मागच्या अनोळखी आजींनी माझा हात दोरीवर ठेवून दिला. ते आता माझं काम आहे.

पायरी ९: काय बोलायचं नाही

राजघराण्याविषयी मत, प्रश्न, विनोद, काही नाही. तिथे त्यासाठी कडक फौजदारी कायदा आहे आणि तुमच्या कुतूहलाची किंमत फीला मोजावी लागू शकते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत, बागांत राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

रात्रीच्या बँकॉकबद्दलचे, मसाजवरचे ते नेहमीचे विनोद. आपल्याकडून जाणारे काही पुरुष स्थानिक ओळखीच्या माणसाला, बाईलासुद्धा, पहिल्याच तासात यावर छेडतात. हा अपमान आहे. फीला जगभरच्या माणसांकडून हे ऐकावं लागतं आणि ती हसून गप्प बसते. ते हसू होकाराचं नसतं.

दुकानात आवाज चढवू नका, अगदी तुमचं बरोबर असलं तरी. 'जाय येन' म्हणजे मन थंड ठेवणं, हा तिथे मोठा गुण मानतात. तुम्ही भांडलात तर मान फीची खाली जाते. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही, बोटीत त्यांच्या शेजारची जागा सोडा.

पायरी १०: तिचं 'नाही' ऐकायला शिका

'जरा लांब आहे.' 'ऊन आहे ना आज?' 'तुला जायचं असेल तर जाऊ या.' 'बघू या.' ही चारही वाक्यं म्हणजे नाही. त्यावर 'मग राहू दे, कॉफी घेऊ या' एवढंच म्हणायचं, तिला कारण विचारायचं नाही. ती दोनदा फोन बघायला लागली, पाणी जास्त प्यायला लागली, की आपणच दमल्याचं सांगायचं. सांगताना खरंच बसायचं. आणि ती स्वतःहून 'मला तुला एक जागा दाखवायची आहे' म्हणाली, तर तुमची सगळी यादी सोडून उठा. फीनं मला तशी नेलेली जागा म्हणजे तिच्या शाळेमागचं बर्फाच्या गोड पेयाचं दुकान. तिथे आम्ही दोन तास बसलो.

परत निघताना सुवर्णभूमीवर पासपोर्टचा शिक्का झाला की पुढे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, देव एका बाजूला, असुर दुसऱ्या. तिथला फोटो लाइनवर पाठवा. घरी पोचल्यावर लगेच 'पोचले' कळवा, कारण ती जागी असते.

मग पाळी आपली. फीला अजिंठा बघायचा आहे. लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी, म्हणून छत्रपती संभाजीनगरला बुधवारी पोचायचं ठरवलं आहे. काल तिला लाइनवर विचारलं: डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा जानेवारीचा तिसरा, यातला कुठला तुला अडचणीचा आहे?